वाचकांचे प्रश्न : वहीत शून्येच जास्त असतील तर

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच अडचणीभोवती फिरणारी आहेत. मोजणी केली, नोंदी नेटाने ठेवल्या आणि हिशेबाला बसल्यावर निम्म्याहून अधिक रकाने शून्याचे निघाले, आता पुढे काय, अशी ती अडचण आहे. विदर्भातून आलेली चार पत्रे निवडून त्यांची उत्तरे येथे देत आहोत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यात कृषी सहायक म्हणून काम करतो. माझ्याकडील गावांत पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) वावरांमध्ये (शेतांमध्ये) गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावले आहेत. रोज सकाळी सापळ्यातील पतंग मोजून आकडा वहीत लिहिला जातो. बहुतेक रकान्यांत शून्य असते आणि मधूनच एखाद्या दिवशी दहा-बारा पतंग निघतात. सरासरी दीडच्या आसपास येते, पण ती पाहून कोणालाच काही बोध होत नाही. एका सहकाऱ्याच्या मते शून्ये वगळून सरासरी काढावी. दुसऱ्याने सांगितले, की अशा आकड्यांसाठी ‘झिरो-इन्फ्लेटेड’ नावाचे मॉडेल असते. यातले कोणते करावे?

उत्तर : शून्ये वगळण्याचा सल्ला मानू नये. पतंग न सापडलेली रात्र हीसुद्धा नोंदच आहे. ती काढून टाकली, की उरलेली सरासरी ‘सापडतात तेव्हा किती सापडतात’ एवढेच सांगते आणि वावरात पतंगांचा वावर एकूण किती आहे, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. दुसऱ्या सहकाऱ्याचा सल्ला चुकीचा नाही, मात्र घाईचा आहे. शून्ये पुष्कळ आहेत एवढ्यावरून ती जादा आहेत असे ठरत नाही. जादा म्हणजे कशाच्या तुलनेत जादा, हे आधी पाहावे लागते.

मोजणीच्या आकड्यांसाठी सर्वांत साधे गणित फ्रेंच गणिती सिमेओं पॉयसाँ यांच्या नावाने ओळखले जाते आणि ते त्यांच्या १८३७ सालच्या ग्रंथात आहे. घटना एकमेकींवर अवलंबून नसतील आणि त्या घडण्याचा सरासरी दर सगळीकडे सारखा असेल, तर फक्त सरासरी हाताशी असली तरी शंभरातून किती वेळा शून्य, किती वेळा एक आणि किती वेळा दोन येईल, हे या गणिताने काढता येते. याचे प्रसिद्ध उदाहरण प्रशियाच्या सैन्याचे आहे. लाडिस्लाउस फॉन बोर्टकिएविच यांनी १८९८ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात १८७५ ते १८९४ या वीस वर्षांत घोड्याची लाथ बसून किती सैनिक मेले, याचे तुकडीवार आणि वर्षवार आकडे दिले आहेत. वेगळ्या रचनेच्या चार तुकड्या बाजूला ठेवल्या, तर दहा तुकड्यांच्या २०० नोंदी उरतात. त्यांपैकी १०९ नोंदींमध्ये शून्य मृत्यू आहेत, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, ३ मध्ये तीन आणि एकीमध्ये चार. एकूण मृत्यू १२२, म्हणजे सरासरी ०.६१. पॉयसाँच्या सूत्राप्रमाणे या सरासरीला २०० पैकी सुमारे १०८.७ शून्ये यायला हवीत आणि प्रत्यक्षात ती १०९ आली. निम्म्याहून अधिक रकाने शून्याचे असूनही तेथे एकही शून्य जादा नाही.

आता तुमच्या वहीकडे वळू. तुम्ही पाठवलेली पाने जशीच्या तशी छापणे शक्य नाही, म्हणून समजण्यासाठी गोल आकडे घेऊ. समजा, शंभर सापळा-रात्रींच्या नोंदी आहेत, त्यांतील ६२ रात्री शून्य आहे, एकूण पतंग १५० आहेत, म्हणजे सरासरी १.५, आणि सहा रात्री आठ किंवा त्याहून अधिक पतंग सापडले आहेत. पॉयसाँप्रमाणे १.५ या सरासरीला शंभरात सुमारे २२ शून्ये अपेक्षित आहेत. बासष्ट कुठे आणि बावीस कुठे! येथपर्यंत आल्यावर बहुतेक जण ‘शून्ये जादा आहेत’ असा निकाल देऊन थेट झिरो-इन्फ्लेटेड मॉडेलकडे धाव घेतात. त्यांनी एक पायरी गाळलेली असते.

पॉयसाँच्या गणितातील ‘दर सगळीकडे सारखा’ ही अट तुमच्या गावांत पाळली जाते का? एक सापळा जिनिंगच्या आवाराजवळच्या वावरात आहे आणि दुसरा नदीपलीकडे. एका शेतकऱ्याने गेल्या वर्षीची फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेली पऱ्हाटी) फेब्रुवारीपर्यंत उभी ठेवली होती, तर शेजाऱ्याने डिसेंबरातच पऱ्हाट्या उपटून वावर मोकळे केले होते. कोणाची पेरणी पहिल्या पावसावर झाली, तर कोणाची दुबार पेरणी जुलैत गेली. अशा वेळी प्रत्येक सापळ्याचा स्वतःचा दर वेगळा असतो आणि सगळ्यांची एकच सरासरी काढली, की आकडे पॉयसाँच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक विखुरलेले दिसतात. हा विखुरलेपणा प्रचरणाने मोजतात. प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर आहे ते पाहून त्या अंतरांचे वर्ग करायचे आणि त्या वर्गांची सरासरी घ्यायची, की प्रचरण मिळते. पॉयसाँमध्ये प्रचरण आणि सरासरी समान असतात. प्रशियाच्या सैन्याच्या आकड्यांत दोन्ही ०.६१ येतात. आपल्या उदाहरणात सरासरी १.५ असताना प्रचरण ९ आहे असे धरू.

अशा विखुरलेल्या आकड्यांसाठी निगेटिव्ह बायनॉमियल वितरण वापरतात. मेजर ग्रीनवुड आणि उड्नी यूल यांनी १९२० साली दारूगोळ्याच्या कारखान्यांतील स्त्री-कामगारांच्या अपघातांचा अभ्यास करताना हाच विचार मांडला होता. प्रत्येक व्यक्तीची अपघातप्रवणता वेगळी मानली, की काहींच्या वाट्याला अनेक अपघात आणि पुष्कळांच्या वाट्याला एकही नाही, हे चित्र आपोआप तयार होते. सरासरी १.५ आणि प्रचरण ९ घेतले, तर या वितरणाप्रमाणे शंभरात सुमारे ५८ शून्ये येतात. तुमच्याकडे ६२ आहेत. चाळीस शून्यांची तफावत चारवर आली आणि चारचा फरक शंभर नोंदींत सहज पडू शकतो. याचा अर्थ, ‘जादा शून्ये’ म्हणून ज्यांचा गवगवा झाला, त्यांतील जवळजवळ सगळी वावरा-वावरांतील फरकातून आलेली आहेत.

याच आकड्यांना झिरो-इन्फ्लेटेड पॉयसाँ मॉडेल लावले तर काय होते, तेही पाहावे. हे मॉडेल रात्रींचे दोन गट मानते. एका गटात पतंग सापडणे शक्यच नसते आणि दुसऱ्यात पॉयसाँप्रमाणे ते सापडत असतात. आपल्या उदाहरणात ते ६१ टक्के रात्री पहिल्या गटात टाकते, उरलेल्या रात्रींची सरासरी ३.८७ धरते आणि ६२ शून्ये तंतोतंत जुळवून देते. शून्ये जुळली म्हणून माणूस खूश होतो. पण याच मॉडेलला आठ किंवा अधिक पतंगांच्या रात्री किती, असे विचारले तर ते शंभरात दोनपेक्षाही कमी सांगते, निगेटिव्ह बायनॉमियल सुमारे पाच सांगते आणि प्रत्यक्षात त्या सहा आहेत. साधे पॉयसाँ तर अशी रात्र जवळजवळ येणारच नाही म्हणते. गुलाबी बोंडअळीसाठी सलग तीन दिवस प्रति सापळा आठ ते दहा पतंग ही आर्थिक नुकसानीची पातळी सांगितली जाते, हे आपण जाणताच. ज्या रात्रींवर फवारणीचा निर्णय अवलंबून आहे, नेमक्या त्याच रात्री जे मॉडेल कमी मोजते, ते शून्ये कितीही छान जुळवत असले तरी तुमच्या कामाचे नाही.

तरीही कधीच शक्य नसलेली शून्ये तुमच्या वहीत असू शकतात आणि ती ओळखण्याचे काम गणिताच्या आधी वावरात होते. सापळ्यातील ल्यूरचा, म्हणजे पतंगांना ओढणाऱ्या आमिषाचा, गंध काही आठवड्यांनी उतरतो. तो वेळेवर बदलला नाही तर वावर पतंगांनी भरलेले असले तरी सापळा रिकामा राहतो. वादळी पावसात सापळा आडवा होतो, पिशवीच्या तळाची गाठ सुटते, मेलेले पतंग मुंग्या ओढून नेतात, पऱ्हाटी वाढते पण खांबावरचा सापळा वर सरकवायचा राहून जातो आणि तो पानांच्या आत दडतो. शिवाय सापळ्यात फक्त नर पतंग येतात, त्यामुळे तेथे शून्य असताना झाडावर डोमकळ्या (अळी लागून न उमललेली फुले) दिसणे यात काही विसंगती नाही. या प्रत्येक कारणाने आलेले शून्य वहीत अगदी सारखेच दिसते.

म्हणून वहीत दोन रकाने वाढवावेत, असे आम्ही सुचवतो. एकात ल्यूर बदलल्याची तारीख आणि दुसऱ्यात सापळ्याची अवस्था लिहावी. सापळा पडलेला आढळला तर शून्य लिहू नये. नोंद नाही असे लिहावे. आपल्याकडे न मोजलेल्या दिवशी आडवी रेघ मारण्याची जुनी सवय आहे आणि ती उत्तम आहे. मात्र तालुक्याला माहिती संगणकात भरताना त्या रेघेचे शून्य होते आणि तेथून पुढे कोणालाही ते ओळखता येत नाही. ल्यूर जुना झाल्याचे दिवस माहीत असतील, तर तीच गोष्ट मॉडेलमध्ये कारण म्हणून घालता येते आणि मग झिरो-इन्फ्लेटेड मॉडेलला खरा अर्थ येतो, कारण ‘शक्यच नव्हते’ या गटाला आता वावरातला आधार आहे. एकाच सापळ्याच्या लागोपाठच्या रात्री एकमेकींसारख्या असतात, याचीही दखल सापळ्यानुसार वेगळा घटक घेऊन घ्यावी लागेल, नाहीतर अनुमान फाजील आत्मविश्वासाचे निघते.

आणि गावात सांगण्यासाठी मॉडेल लागतच नाही. ‘या आठवड्यात इतक्या सापळ्यांपैकी इतक्यांत पतंग आले आणि इतक्यांत सलग तीन दिवस आठ किंवा अधिक होते’ हे एक वाक्य दीडच्या सरासरीपेक्षा शेतकऱ्याच्या अधिक उपयोगाचे आहे. मॉडेल लागते ते गावे, वाण किंवा पेरणीच्या तारखा यांची तुलना करताना.

प्रश्न : मी अकोल्यात कृषी विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. कापूस उत्पादकांनी बोंडअळीसाठी हंगामात किती फवारण्या केल्या, हे मी प्रश्नावलीतून विचारले. निम्म्याहून अधिक उत्तरे शून्य आहेत. मार्गदर्शक हर्डल मॉडेल वापरायला सांगतात, आमचे एक ज्येष्ठ विद्यार्थी झिरो-इन्फ्लेटेड म्हणतात आणि दोन्हींतून निवड करण्यासाठी व्हुआंग चाचणी करावी असेही सुचवतात. मी दोन्ही मॉडेल चालवली, तर सिंचनाच्या घटकाचे चिन्ह एकात अधिक आणि दुसऱ्यात उणे येते. काय चुकले?

उत्तर : चिन्हापासून सुरुवात करतो, कारण त्यात बहुधा काहीच चुकलेले नाही. आर या सांख्यिकीच्या संगणक प्रणालीतील पीएससीएल या संचात दोन्ही मॉडेलांचा शून्याचा भाग उलट दिशेने लिहिलेला असतो. झिरो-इन्फ्लेटेड मॉडेलमध्ये तो ‘निश्चित शून्य’ असण्याची संभाव्यता सांगतो, तर हर्डल मॉडेलमध्ये शून्याची मर्यादा ओलांडण्याची. ओलिताच्या शेतकऱ्याने फवारणी करण्याचा संभव अधिक असेल, तर पहिल्या मॉडेलमध्ये उणे चिन्ह आणि दुसऱ्यात अधिक चिन्ह येणे हेच बरोबर आहे. तक्ता छापताना ही दिशा तळटिपेत लिहिली नाही, तर परीक्षक हमखास बोट ठेवतील.

आता दोन मॉडेलांतील फरक. हर्डल मॉडेलची मांडणी जॉन मुलाही यांनी १९८६ साली केली. त्यात दोन टप्पे असतात. पहिल्यात फवारणी केली की नाही एवढेच पाहायचे आणि दुसऱ्यात, ज्यांनी केली त्यांनी किती वेळा केली हे पाहायचे. सगळी शून्ये पहिल्या टप्प्यातच संपतात. झिरो-इन्फ्लेटेड पॉयसाँ मॉडेल डायान लँबर्ट यांच्या १९९२ सालच्या लेखामुळे रूढ झाले आणि त्यांचे उदाहरण कारखान्यातील छापील विद्युत-पट्ट्यांवरील डागकामाच्या दोषांचे होते. यंत्र नीट बसलेले असेल तर दोष होतच नाहीत. ते थोडे बिघडले तर दोष होऊ लागतात, पण त्या अवस्थेतही एखाद्या पट्टीवर योगायोगाने एकही दोष नसू शकतो. म्हणजे येथे शून्याचे दोन उगम आहेत आणि डोळ्यांना ते वेगळे दिसत नाहीत. कोणते मॉडेल घ्यायचे, हे तुमच्या शेतकऱ्यांच्या शून्याला उगम एक आहे की दोन, यावर ठरते, चाचणीवर नाही.

तुमच्या प्रश्नावलीची जी प्रत सोबत आली, ती वाचता तीन प्रकारचे शेतकरी शून्य सांगू शकतात असे दिसते. पहिले, ज्यांनी यंदा पऱ्हाटी लावलीच नाही आणि सगळे वावर सोयाबीन-तुरीला दिले. त्यांना मॉडेलमध्ये ‘निश्चित शून्य’ म्हणून ठेवणे हा उगीचचा खटाटोप आहे, कारण ते कोण आहेत हे तुम्हाला पेऱ्याच्या रकान्यातून माहीत आहे. त्यांना विश्लेषणातून वगळावे आणि वगळल्याचे स्पष्ट लिहावे. दुसरे, ज्यांनी पऱ्हाटी लावली, पण बोंडअळीसाठी फवारायचे नाही असे ठरवले. त्यामागे पैशाची अडचण असेल, फवारणीच्या विषबाधेची भीती असेल किंवा ‘बीटी बियाण्याला फवारा कशाला’ ही जुनी समजूत असेल. तिसरे, जे फवारणीला तयार होते, पण त्यांच्या वावरात या वर्षी अळी नुकसानीच्या पातळीपर्यंत आलीच नाही. दुसरा आणि तिसरा गट तुमच्या प्रश्नावलीतून वेगळा करता येत नाही, म्हणजे शून्याला दोन उगम आहेत आणि या अर्थाने तुमच्या ज्येष्ठ मित्राचे म्हणणे योग्य ठरते. पण तुमच्या प्रबंधाचा प्रश्न ‘शेतकरी फवारणीकडे वळतो का आणि वळला तर किती वेळा फवारतो’ असा असेल, तर मार्गदर्शकांचे हर्डल मॉडेल त्या प्रश्नाशी अधिक सरळ जुळते आणि समजावून सांगायलाही सोपे जाते. आमचा कल मार्गदर्शकांच्या बाजूने आहे.

एक चौथा प्रकारही संभवतो आणि तो सर्वांत त्रासदायक आहे. मावा, तुडतुडे, फुलकिडे यांच्यासाठी केलेली फवारणी आणि बोंडअळीसाठी केलेली फवारणी यांत पुष्कळ शेतकरी फरक करत नाहीत, कारण कृषी केंद्रातून दोन-तीन औषधे एकत्रच दिली जातात आणि ती एकाच पंपात मिसळली जातात. अशा शेतकऱ्याला ‘बोंडअळीसाठी किती फवारण्या’ असे विचारले, तर एकजण शून्य सांगेल आणि दुसरा चार सांगेल. दोघांनी केलेले काम मात्र एकच. या शून्यावर कोणत्याही मॉडेलचा इलाज नाही. शक्य असेल तर काही शेतकऱ्यांकडे पुन्हा जाऊन औषधांची नावे आणि फवारणीचे महिने विचारून घ्यावेत.

व्हुआंग चाचणीबद्दल स्पष्टच लिहितो. क्वांग व्हुआंग यांनी १९८९ साली ती एकमेकांत न सामावणाऱ्या मॉडेलांच्या तुलनेसाठी दिली. साधे पॉयसाँ हे झिरो-इन्फ्लेटेड पॉयसाँचेच टोकाचे रूप असल्याने त्या दोघांसाठी ही चाचणी लावणे गैर आहे, हे पॉल विल्सन यांनी २०१५ साली दाखवून दिले. तरीही असंख्य प्रबंधांत ती सर्रास दिसते. तिच्याऐवजी पॉयसाँ, निगेटिव्ह बायनॉमियल, झिरो-इन्फ्लेटेड निगेटिव्ह बायनॉमियल आणि हर्डल निगेटिव्ह बायनॉमियल अशी चार मॉडेले चालवावीत, प्रत्येकाचा एआयसी (मॉडेलांच्या तुलनेचा निर्देशांक, जितका कमी तितके चांगले) द्यावा आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे शून्य, एक, दोन, तीन आणि त्यापुढील फवारण्या करणारे शेतकरी प्रत्यक्षात किती आणि प्रत्येक मॉडेलनुसार किती अपेक्षित, असा तक्ता द्यावा. साधे निगेटिव्ह बायनॉमियल इतरांच्या जवळपास येत असेल तर तेच ठेवावे. आणखी एक काळजी घ्यावी. ओलित-कोरडवाहू, जमीनधारणा, गाव हे घटक घालण्यापूर्वी जी शून्ये जादा वाटतात, ती हे घटक घातल्यावर पुष्कळदा जादा उरत नाहीत, म्हणून शून्यांचा निवाडा सगळे घटक घालून झाल्यावरच करावा.

प्रश्न : वर्धा जिल्ह्यातील आमच्या शेतकरी गटात मी नोंदी ठेवतो. शून्ये असल्यामुळे आकड्यांत एक मिळवून लॉग घ्यावा आणि मग नेहमीची सरासरी व चाचण्या कराव्यात, असे एका व्हिडिओत पाहिले. ते चालेल का?

उत्तर : चालवू नये. शून्यात एक मिळवून लॉग घेतला की पुन्हा शून्यच येते, म्हणजे शून्यांचा ढीग होता तेथेच राहतो आणि फक्त मोठे आकडे जवळ ओढले जातात. एकाऐवजी अर्धा मिळवला तर निष्कर्ष बदलतो, हा आणखी एक दोष. उलट रूपांतर करून जो आकडा मिळतो तो मूळ पतंगांची किंवा अळ्यांची सरासरी नसतो, पण लोक तो सरासरी म्हणूनच वाचतात. ओहारा आणि कॉट्झ यांनी २०१० साली याच विषयावर लेख लिहून मोजणीच्या आकड्यांसाठी पॉयसाँ किंवा निगेटिव्ह बायनॉमियल मॉडेलच वापरण्याचा सल्ला दिला आहे. गटाच्या हिशेबासाठी तेवढीही गरज नसेल, तर शून्य रात्रींचे प्रमाण आणि सर्वांत मोठे आकडे वेगवेगळे लिहावेत.

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागात आरोग्य सेवक आहे. दरमहा गावनिहाय हिवतापाचे रुग्ण किती, याचा तक्ता आम्ही भरतो. लहान पाड्यांच्या पुढे महिनोन्‌महिने शून्य असते आणि अचानक एखाद्या महिन्यात पंधरा-वीस रुग्ण निघतात. जिल्ह्याच्या बैठकीत शून्याची गावे ‘हिवतापमुक्त’ समजली जातात. ते कितपत बरोबर आहे?

उत्तर : तुमच्या तक्त्यात एक रकाना कमी आहे आणि सगळा गोंधळ त्यातून होतो. किती जणांचे रक्त तपासले, हा तो रकाना. रुग्णसंख्या शून्य असण्याचा अर्थ तपासण्यांच्या संख्येविना लागत नाही. तीनशे जणांची तपासणी होऊन एकही रुग्ण न निघणे आणि तिघांच्या तपासणीत एकही न निघणे, या दोन्ही ठिकाणी तक्त्यात एकच शून्य लिहिले जाते.

यासाठी एक सोपा आडाखा आहे. तपासलेल्यांत एकही रुग्ण नसेल, तर तीनला तपासण्यांच्या संख्येने भागावे. रुग्णांचे खरे प्रमाण जास्तीत जास्त तेवढे असू शकते, असे सुमारे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. तीस जण तपासून शून्य आले, तर प्रमाण दहा टक्क्यांपर्यंतही असू शकते. तीनशे तपासून शून्य आले, तर ते एका टक्क्याच्या वर नसावे. दहा जणांच्या पाड्यातील शून्यावरून ‘हिवतापमुक्त’ म्हणणे किती धाडसाचे आहे, ते यावरून लक्षात येईल. मात्र हा आडाखा लक्षणे असोत वा नसोत, सरसकट लोकांतून तपासणी झाली असेल तरच गावाला लागू होतो. फक्त तापाच्या रुग्णांची तपासणी झाली असेल, तर तो तापाच्या रुग्णांपुरताच घ्यावा. राष्ट्रीय कार्यक्रमात वर्षाला लोकसंख्येच्या किमान दहा टक्के रक्ततपासण्या व्हाव्यात, असा जो जुना दंडक आहे आणि दर हजारी रुग्णसंख्येबरोबर तपासणीचे प्रमाणही मागितले जाते, त्यामागे हीच अडचण आहे. कमी तपासले की हिवताप कागदावर कमी होतो.

मॉडेल लावायचे झाल्यास तपासण्यांची संख्या त्यात आधार म्हणून घालावी. सांख्यिकीत तिला ऑफसेट म्हणतात. तिचा लॉग घेऊन तो कोणत्याही गुणांकाविना मॉडेलमध्ये ठेवतात, म्हणजे रुग्णसंख्येऐवजी तपासणीमागील दराची तुलना होते. हे केल्यावर लहान पाड्यांच्या बऱ्याचशा शून्यांचा आपोआप उलगडा होतो. उरलेल्या विखुरलेपणासाठी निगेटिव्ह बायनॉमियल बहुधा पुरेसे होते, कारण हिवताप एका घरातून शेजारच्या घरात आणि एका पाड्यात झपाट्याने पसरतो. आकड्यांची अशी झुंडीने येण्याची सवय ही त्या रोगाचीच सवय आहे. झिरो-इन्फ्लेटेड मॉडेलचा विचार त्यानंतर करावा आणि तो करताना ‘या गावात हिवताप होणे शक्यच नाही’ असे म्हणता येईल असा गट जंगलपट्टीत खरोखर आहे का, हे कीटकशास्त्राच्या सहकाऱ्यांना विचारावे. आम्हाला तसा गट तेथे सहजासहजी मानता येत नाही.

तुमच्या भागात आणखी एक शून्य आहे आणि त्याबद्दल अधिक कडक राहावे लागेल. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि आतल्या पाड्यांची तर अनेक दिवस वाट बंद असते. कोणी पोहोचलेच नाही, तपासणी झाली नाही, तरी महिन्याचा तक्ता रिकामा पाठवता येत नाही म्हणून त्या गावापुढे शून्य लिहिले जाते. हे शून्य नेमके पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत पडते, म्हणजे डास वाढण्याच्या आणि रुग्ण वाढण्याच्याच काळात. त्यामुळे मॉडेलला पावसाचा आणि हिवतापाचा संबंध उलटा दिसू लागतो. पूर ओसरल्यावर पथक पोहोचले की एकदम पंधरा-वीस रुग्ण निघतात ते ‘अचानक’ नसतात. मागच्या महिन्यात ते मोजले गेलेले नसतात. अशा महिन्यांत तपासण्यांच्या रकान्यात शून्य आणि रुग्णांच्या रकान्यात आडवी रेघ असावी. तपासण्या शून्य असतील, तर त्यांचा लॉग घेता येत नाही आणि ती ओळ विश्लेषणातून आपोआप बाहेर पडते, हा याचा फायदाच आहे. जुन्या वर्षांच्या तक्त्यांतही हे करता येईल. आशाताईंकडील तपासणी-किटच्या साठ्याची वही काढून ज्या महिन्यात एकही किट खर्ची पडलेले नाही, त्या महिन्याचे शून्य खोडून तेथे रेघ मारावी आणि शेजारी स्वतःची सही करावी.